भिंतीपलीकडचा वसंत

पंचांग चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने मानते. पुण्यात या दिवसांत उन्हाचा पारा चाळिशीकडे झेपावू लागलेला असतो, परीक्षांचा हंगाम सुरू असतो आणि शहर संध्याकाळी व्याख्याने ऐकायला बसते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ही पुण्याची वसंताशी असलेली सर्वांत प्रसिद्ध सोयरीक. ऋतूचे स्वागत फुलांनी नव्हे तर भाषणांनी करणारे शहर, अशी त्यावरून पुण्याची थट्टाही होते. परंतु त्या थट्टेत एक अर्थ दडलेला आहे. वसंत ही नुसती झाडांना येणारी पालवी नव्हे. माणसांनी घराबाहेर पडून एकत्र बसण्याचा, हिंडण्याचा तो काळ आहे. म्हणून एखाद्या शहराच्या वसंताचा इतिहास लिहायचा तर तेथे कोणती झाडे फुलली याबरोबरच त्या झाडांखाली कोणाला जाता आले, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो विश्रांतवाडीमुळे. आळंदी रस्त्यावरचे हे उपनगर पुण्याच्या उद्यानांच्या यादीत कुठेही अग्रक्रमाने येत नाही. सारसबाग, संभाजी उद्यान, एम्प्रेस गार्डन, बंडगार्डन ही नावे पुणेकर सहज सांगतो. विश्रांतवाडीचे नाव घेताना त्याला बाग आठवत नाही, चौक आणि वाहतूक आठवते. तरीही फाल्गुन-चैत्रात या भागातून पायी हिंडून पाहावे. वावळीच्या चपट्या हिरव्या फळांचे घोस, करंजाची लकाकती कोवळी पाने, कडुनिंबाचा बारीक मोहोर, कुठे निष्पर्ण फांद्यांवर पेटलेला पांगारा, पुढे एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे पिवळे झुंबर, हे सारे येथे आहे. मात्र त्यातले बरेचसे भिंतीपलीकडे आहे. कारागृहाची भिंत, मनोरुग्णालयाची भिंत, लष्कराच्या हद्दीचे तारकुंपण, संस्थांची फाटके. आपण रस्त्यावर उभे असतो आणि वसंत आतून डोकावतो. असे का झाले, याचे उत्तर पुण्याच्या बागांच्या इतिहासात शोधता येते. प्रस्तुत लेखात आम्ही तेच करून पाहणार आहोत.

*

पुण्यातील जुन्या बागा प्रथम पाण्याच्या इतिहासात सापडतात. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले. त्या पाण्यावर शनिवारवाड्यातील हौद आणि कारंजी चालली आणि पेठांतील सार्वजनिक हौदही भरले. पर्वतीच्या पायथ्याशी तळे खोदले गेले. त्या तळ्यातील बेटावर बाग झाली, आणि १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात तेथे गणपतीची स्थापना झाली. तोच तळ्यातला गणपती आणि तीच सारसबाग. शहरात व शहराच्या कडेला हिराबाग, रमणबाग, मोतीबाग, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग अशा बागा होत्या. आज यांपैकी कोणतेही नाव उच्चारले की शाळा, देऊळ, बाजार किंवा वाडा डोळ्यांपुढे येतो. झाडे गेली, नावे राहिली. तुळशीबागेत आज तुळस शोधावी लागते, पण भांडी, बांगड्या आणि खेळण्यांची उणीव नाही.

या बागा कोणाच्या होत्या? पेशव्यांच्या, सरदारांच्या आणि देवांच्या. त्यांत राबणारे हात मात्र वेगळेच होते, आणि त्या हातांचा इतिहास आपण क्वचितच सांगतो. ज्योतिराव फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांच्या वाडवडिलांनी पेशव्यांना फुले आणि फुलांच्या वस्तू पुरवण्याचा व्यवसाय केला, त्याबद्दल घराण्याला ३५ एकर जमीन इनाम मिळाली, आणि व्यवसायावरून ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले. म्हणजे पेशवाईतील पुष्पशोभेची सर्वांत टिकाऊ निशाणी कोणत्या कारंज्यात किंवा ताटव्यात राहिलेली नाही. ती एका माळी घराण्याच्या आडनावात राहिली आहे. त्याच घराण्यातील ज्योतिरावांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कात्रजहून आलेल्या पाण्याने एका शतकात जो प्रश्न सोडवला नव्हता, तो एका हौदाने निदान स्पष्टपणे मांडला. विश्रांतवाडीहून शहराकडे निघालो की वाटेत फुलेनगर लागते. बसच्या पाटीवर ते नाव वाचताना हा सारा इतिहास आम्हांला आठवतो.

‘सार्वजनिक’ हा शब्दही याच शहराने राजकीय व्यवहारात रुळवला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिच्या स्थापनेमागचे तात्कालिक कारण पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीची लोकांची तक्रार हे होते. देवस्थान काही मूठभरांचे नाही, त्याच्या कारभारात लोकांना बोलण्याचा अधिकार आहे, ही भूमिका त्या काळी फार मोठी होती. पण या ‘लोकां’त कोण मोडत होते? त्याचे उत्तर ५९ वर्षांनी त्याच टेकडीवर मिळाले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्यांनी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे नेते त्यात होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुणही सोबत होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ज्या स्थळाच्या निमित्ताने पुण्यात ‘सार्वजनिक’ या शब्दाची संस्था झाली, त्याच स्थळाच्या पायऱ्यांवर त्या शब्दाची मर्यादा उघडी पडली. बागेला कुंपण दिसते तरी. काही कुंपणे डोळ्यांना न दिसता अधिक पक्की असतात.

*

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि शहराचा भूगोल बदलू लागला. पेठांच्या पूर्वेस लष्कर वसले, उत्तरेस खडकीची छावणी झाली. या नव्या वस्तीबरोबर बागेची नवी कल्पनाही आली. १८५० साली मुळा-मुठेवर बंधारा पूर्ण झाला. त्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती. त्या बंधाऱ्यालगत जी बाग झाली ती बंडगार्डन. आजचे महात्मा गांधी उद्यान. लष्कराच्या बाजूला एम्प्रेस गार्डन आकाराला आले. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ते सांभाळते, आणि तिचे जानेवारीतील पुष्पप्रदर्शन आजही पुणेकरांच्या दिनदर्शिकेत असते. गणेशखिंडीत १८७३ साली वनस्पती उद्यान सुरू झाले. जॉर्ज मार्शल वुड्रो यांच्यासारख्या उद्यानतज्ज्ञाने तेथे काम केले. त्या उद्यानाला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

आज ज्यांना आपण पुण्याची झाडे म्हणतो त्यांतली कित्येक या वसाहतकाळात दूरदेशांतून येथे आली. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, पर्जन्यवृक्षही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. पळस, पांगारा, काटेसावर यांच्या शेजारी हे पाहुणे असे काही रुळले की गुलमोहराविना मराठी कवितेतला उन्हाळा आता पुरा होत नाही. वनस्पतींच्या बाबतीत शहराने दाखवलेले हे औदार्य माणसांच्या बाबतीत नेहमीच दाखवले, असे मात्र म्हणता येत नाही.

आता नदी ओलांडून विश्रांतवाडीकडे यावे. इंग्रजी राजवटीने नदीच्या दक्षिणेला बागा आणि बंगले केले, तेव्हा उत्तरेच्या मोकळ्या माळाला तिने काय दिले? १८७१ साली येरवड्याचे कारागृह झाले. पुढे मनोरुग्णालय आले. खडकी-दिघीच्या बाजूला लष्कराच्या जमिनी होत्याच. १९३९ साली लोहगावचा विमानतळ आला. शहराला जे जवळ हवे, पण नजरेआड हवे, ते नदीपलीकडे गेले. विश्रांतवाडी ही या साऱ्यांच्या मधोमध उरलेली जागा. येथील पत्तेही भिंतींवरूनच सांगितले जातात: एक रस्ता ‘जेल रोड’, एक थांबा ‘मेंटल हॉस्पिटल कॉर्नर’. भिंतीच्या आत काय आहे याने बाहेरच्या जागेचे नाव ठरावे, हे आम्हांला बोलके वाटते.

यात एक विचित्र न्याय घडला. भिंतींनी माणसांना बाहेर ठेवले, पण झाडेही राखली. एकट्या येरवडा कारागृहाचा परिसर ५१२ एकर आहे. ही जमीन खुली असती तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिच्यावर काय उभे राहिले असते, याची कल्पना आसपासच्या इमारतींकडे पाहून करता येते. म्हणजे या भागातील हिरवाई शिल्लक आहे ती आपल्या उद्यानप्रेमामुळे नव्हे, तर आपल्याला आत मज्जाव असल्यामुळे. नागरिक म्हणून हे वाक्य लिहिणे सुखाचे नाही.

आणि या भिंतींच्या आत इतिहासही घडला, तोही झाडाखाली. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा कारागृहात उपोषण केले. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांवरून सुरू झालेला तो पेच २४ सप्टेंबर रोजी पुणे कराराने मिटला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर वाटाघाटींसाठी तुरुंगात गेले तेव्हा गांधीजींची खाट अंगणातल्या आंब्याच्या झाडाखाली होती. त्या कराराचे मूल्यमापन अजून संपलेले नाही, संपूही नये. येथे इतकेच नोंदवायचे की ज्या शहरातील देवळाच्या पायऱ्या तीन वर्षांपूर्वी अस्पृश्यांना बंद होत्या, त्या शहरात त्यांच्या राजकीय हक्कांची बोलणी एका तुरुंगाच्या अंगणात, आमराईच्या सावलीला व्हावी लागली. जवळच नगर रस्त्यावर १८९२ साली बांधलेला आगाखान पॅलेस आहे. भोवती प्रशस्त बाग असलेला हा राजवाडा १९४२ ते १९४४ या काळात गांधीजींचा तुरुंग झाला. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, म्हणजे ऐन शिशिर सरून वसंत लागण्याच्या संधीवर. त्यांच्या समाध्या त्याच बागेत आहेत. १९६९ साली आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली आणि तुरुंग झालेली बाग लोकांसाठी खुली झाली. भिंतीला फाटक करता येते, याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण.

*

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, पुण्यात महानगरपालिका आली आणि बाग ही नागरिकाची गरज आहे ही कल्पना कारभारात उतरली. १९५३ साली पेशवे उद्यान झाले. १९५६ साली तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली, आणि पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांचा पहिला रेल्वेप्रवास तिच्यातून झाला. तेथील प्राणिसंग्रहालय १९९९ साली कात्रजला गेले. २००६ साली सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान खुले झाले, पु. ल. देशपांडे यांचे नाव त्याला आहे. ते ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचले आहे, ती जपानमधील ओकायामा येथील सरदारी बाग १७०० साली पूर्ण झाली आणि १८८४ साली लोकांना खुली झाली. सरदाराची बाग नागरिकाची होणे ही जगभरातली वाट आहे. पुण्यानेही आपल्या परीने ती चालली.

पण ही वाट नदीपलीकडे पोचता पोचता अरुंद झाली. १९९७ साली भोवतालची तेवीस गावे महापालिकेत आली, त्यांत कळस आणि धानोरीही होती. तोवर विश्रांतवाडीच्या परिसरात घरे आधी आणि नियोजन मागाहून, असा क्रम रूढ झाला होता. आखीव नगरात प्रथम नकाशावर हिरवा चौकोन काढतात आणि मग भोवती घरे बांधतात. येथे घरांच्या मधे उरलेल्या तुकड्यांत उद्यान बसवावे लागले. अशी छोटी उद्याने येथे आहेत, आणि संध्याकाळी ती भरून वाहतात. आजी-आजोबा बाकांवर, मुले घसरगुंडीवर, बायका चालण्याच्या पट्ट्यावर एकामागून एक. त्यांत चालताना पुढच्याच्या टाचेवर आपला पाय पडेल की काय, अशी धास्ती वाटते. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच उघडणाऱ्या या फाटकांशी घरकामाला जाणाऱ्या बाईची किंवा पाळीवर असणाऱ्या कामगाराची वेळ जुळत नाही, हाही एक मज्जावच. फक्त त्याला कोणी मज्जाव म्हणत नाही.

बाग करायला जमीन नसेल तर दुसरी सार्वजनिक जमीन कोणती? रस्ता. शहरातील सर्वांत मोठी सार्वजनिक मालमत्ता रस्ता हीच असते, आणि तिचा बहुतेक भाग आपण वाहनांना देऊन टाकलेला आहे. कोपेनहेगनने १९६२ साली स्ट्रॉयेट हा आपला मध्यवर्ती रस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा व्यापार बुडेल अशी ओरड तेथेही झाली होती. व्यापार बुडाला नाही. कोलंबियातील बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी रस्ते मोकळे करू लागले. आज दर रविवारी तेथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्त्यांवर लोक चालतात, सायकली चालवतात. पुण्याने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन साजरा करून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला. पुढील वर्षीही हा प्रयोग झाला. एरवी जेथे अंग चोरून चालावे लागते, तेथे लोक रस्त्याच्या मधोमध सावकाश चालू लागले. उपक्रम चांगलाच, पण तोही पेठांत. नदीच्या उत्तरेला २०१५ साली संगमवाडी ते विश्रांतवाडी बीआरटी मार्ग सुरू झाला. बसला तिची वाट मिळाली, पण त्या बसपर्यंत रस्ता ओलांडून पोचणाऱ्याला अजून जीव मुठीत धरावा लागतो.

*

आणि तरीही पुण्यातील सर्वांत जुना वाहनमुक्त रस्ता विश्रांतवाडीतूनच जातो. दर वर्षी ज्येष्ठ वद्य नवमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते. दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी असे विसावे घेत ती भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात मुक्कामी पोचते. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला आजची शिस्त दिली; म्हणजे कारागृहाच्या, विमानतळाच्या, चौकाच्या कितीतरी आधीपासून ही वाट पायांची आहे. त्या दिवशी वाहतूक दुसरीकडे वळते, कोणाचे काही अडत नाही, आणि एरवी इंजिनांनी गजबजणाऱ्या रस्त्यावर टाळ ऐकू येतात. रस्त्याच्या कडेला पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटले जातात. पाय चेपून दिले जातात. चपला शिवून दिल्या जातात. ज्या उपनगराच्या नावातच विश्रांती आहे, त्याला वर्षातून एक दिवस आपले नाव सार्थ करता येते.

याचे भाबडे कौतुक आम्हांला करायचे नाही. त्याला एका थोर विदुषीचा दाखला आहे. याच येरवड्यातील डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे या वारीत स्वतः चालल्या, आणि ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला. वारीच्या ओढीने त्या भारावल्या होत्या, पण एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हेही त्यांनी पाहिले आणि त्याची खंत लपवली नाही. रस्ता मोकळा झाला म्हणजे माणसे मोकळी होतातच असे नाही. वाहने हटवणे सोपे, पर्वतीच्या पायऱ्यांवरचे कुंपण हटवणे अवघड. पण माणसे एका रस्त्यावर आलीच नाहीत, तर ते कुंपण दिसणारही नाही. इरावतीबाईंना ते दिसले, कारण त्या सोबत चालत होत्या.

म्हणून आमची मागणी लहान आहे. कारागृहाच्या आणि लष्कराच्या भिंती पाडा, असे आम्ही म्हणत नाही. त्या पडल्या तर तेथे बाग होईल, अशी आमची खात्रीही नाही. पण जो रस्ता ज्येष्ठात श्रद्धेसाठी एक दिवस मोकळा करता येतो, तो चैत्रात मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी एका रविवारची सकाळ मोकळा करता यावा. रुग्णवाहिकेला वाट ठेवून, हातगाडीवाल्याचा धंदा न मोडता, हे जमते; पालखीच्या दिवशी आपण ते जमवतोच. त्यासोबत एवढे व्हावे की भिंतीलगतच्या पदपथावर सलग सावली असावी आणि बसायला दोन बाक असावेत. भिंतीपलीकडच्या झाडांच्या फांद्या तशाही बाहेर येतात. वावळीची चपटी फळे वाऱ्याबरोबर भिंत ओलांडून रस्त्यावर पडतात, आणि पदपथाच्या फटीत माती असेल तर पावसाळ्यात त्यांतली काही रुजतातही. ती उपटून टाकायची की त्यांच्याभोवती आळे करायचे, एवढे तरी ठरवणे आपल्या हातात आहे.